स्प्रेडशीट

स्प्रेडशीट : आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांच्या छेदांतून तयार होणाऱ्या चौकटींत आकडे, मजकूर किंवा सूत्रे भरून हिशेब करण्याची संगणकीय प्रणाली. चौकटीला व्यवहारात सेल म्हणतात. स्तंभाचे अक्षर आणि ओळीचा क्रमांक मिळून सेलचा पत्ता होतो. सूत्रात आकड्याऐवजी हा पत्ता लिहिता येतो. त्यामुळे मूळ आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी उत्तरे आपोआप बदलतात. ही पुनर्गणना हेच स्प्रेडशीटचे मर्म होय. रकाने आखलेल्या हिशेबवह्या तिच्या कितीतरी आधीपासून होत्या. एक आकडा खोडला की पुढची पाने पुन्हा मांडण्याचे कष्ट मात्र संगणकानेच संपवले.

पूर्वपीठिका : रिचर्ड मॅटेसिच यांनी १९६१ मध्ये अंदाजपत्रकाच्या संगणकीय प्रतिमानाची कल्पना मांडली. रेने पार्डो व रेमी लँडाऊ यांच्या लॅनपार या प्रणालीत सूत्रे कोणत्याही क्रमाने लिहिली तरी उत्तर बरोबर येत असे. तिच्या एकस्वासाठी १९७० मध्ये अर्ज झाला आणि न्यायालयीन लढ्यानंतर ते १९८३ मध्ये मिळाले. पहिली स्प्रेडशीट कोणती, याबाबत एकमत नाही. मोठ्या संगणकांवरील या प्रणालींचा पुढील विकासावर थेट प्रभाव पडला असेही ठामपणे म्हणता येत नाही.

व्हिसिकॅल्क : हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी डॅन ब्रिकलिन यांना १९७८ मध्ये व्हिसिकॅल्कची कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांनी तिची आज्ञावली लिहिली आणि १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी व्हिसिकॅल्क विक्रीस आली. तिच्यात २५४ ओळी आणि ६३ स्तंभ होते. पुनर्गणना एकतर ओळीओळीने किंवा स्तंभास्तंभाने होई. सूत्र पुढच्या सेलवर अवलंबून असेल तर ती पुन्हा करावी लागे. ही उणीव असूनही केवळ या एका आज्ञावलीसाठी व्यापाऱ्यांनी संगणक विकत घेतले. संगणकीय आज्ञावलीला एकस्व मिळणे त्या काळी अवघड असल्याच्या सल्ल्यामुळे एकस्व घेतले गेले नाही. नक्कल करणाऱ्यांना वाट मोकळी राहिली आणि स्प्रेडशीटची वाढ झपाट्याने झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लोटस १-२-३ : मिच केपर आणि जोनाथन सॅक्स यांची ही प्रणाली जानेवारी १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी आली. हिशेब, आलेख आणि साधी माहिती-व्यवस्था अशी तिची तीन अंगे होती. पहिल्या वर्षी सुमारे १० लाख डॉलर विक्रीचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ५ कोटी ३० लाख डॉलर झाली. व्हिसिकॅल्क मागे पडली व १९८५ मध्ये लोटसनेच तिच्या निर्मात्यांची कंपनी घेतली. मेनूच्या रचनेवर स्वामित्वहक्क असू शकतो का, या प्रश्नावरचा लोटस विरुद्ध बोरलँड (प्रतिस्पर्धी कंपनी) हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९९६ मध्ये ४-४ अशा समसमान मतांनी संपला. त्यामुळे बोरलँडच्या बाजूचा खालच्या न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

लोटसचा एक निर्णय आजही फायलींमध्ये जिवंत आहे. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून प्रत्येक तारीख क्रमांकाच्या रूपात साठवली जाते. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी लोटसने ते लीप मानले. म्हणून साठावा दिवस २९ फेब्रुवारी १९०० असा, कधीच न उगवलेला, ठरला. लोटसच्या फायली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलनेही ही चूक जाणीवपूर्वक स्वीकारली. मॅकिंटॉशवरील एक्सेलने दिनगणना १९०४ पासून धरली. त्यामुळे एका पद्धतीच्या फायलीतील तारखा दुसरीत डकवल्यास चार वर्षे व एका दिवसाचा फरक पडू शकतो.

एक्सेल : मायक्रोसॉफ्टने १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी व १९८७ मध्ये विंडोजसाठी प्रसिद्ध केली. बदललेल्या सेलवर अवलंबून असलेल्या सेलचीच पुनर्गणना करण्याची तिची पद्धत डग क्लंडर यांच्या नावाशी जोडली जाते. तत्कालीन मंद संगणकांवर मोठे तक्ते वापरणे शक्य झाले ते या पद्धतीमुळे. रंगीत आलेख, टूलबार वगैरे गोष्टी तिच्यापुढे गौण आहेत. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत माहितीचा सारांश मांडणारे पिव्हट टेबल व व्हीबीए ही आज्ञाभाषा आली. ओळींची मर्यादा एक्सेल ९७ मध्ये ६५,५३६ झाली व २००७ च्या आवृत्तीत १०,४८,५७६ झाली.

इतर प्रणाली : क्वाट्रो प्रो, लोटस इंप्रॉव्ह, लिबरऑफिस कॅल्क, गुगल शीट्स (२००६).

प्रमाणीकरण : ओडीएफ हे खुले फाइल-स्वरूप २००६ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टचे ओओएक्सएमएल २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाले. दुसऱ्या प्रमाणाला भारताने विरोधी मत दिले होते. त्यावरील अपील फेटाळले गेले.

दोष : सेलमध्ये उत्तर दिसते, सूत्र मात्र त्यामागे दडलेले असते, म्हणून चुकीचा हिशेबही नीटनेटकाच दिसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधील १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी राष्ट्रीय आकडेवारीतून सुटल्याचे उघड झाले. त्याचे कारण जुन्या एक्सएलएस स्वरूपाची ६५,५३६ ओळींची मर्यादा हे होते. या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला, हे या दोषाचे खरे गांभीर्य. मार्च१, सेप्ट१ अशी जनुकांची नावे एक्सेल तारखा समजून बदलून टाकी; अखेर २०२० मध्ये जनुक-नामकरण समितीने नावेच बदलली.

भारतीय वापर : महाराष्ट्रात २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून एक्सेल गावोगावी पोहोचली. विंडोजमध्ये प्रदेश म्हणून भारत निवडल्यास स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडतात. अमेरिकी मांडणीत ते हजार-दशलक्षांप्रमाणे राहतात. त्याच मांडणीत ३/४ ही ३ एप्रिलची नोंद ४ मार्च म्हणून साठवली जाते. दिवसाचा आकडा १२ पेक्षा मोठा असल्यास मात्र नोंद तारीख न होता मजकूर म्हणून पडून राहते. त्यामुळे एकाच स्तंभात दोन्ही प्रकारचे दोष एकत्र येतात.

युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये भरलेल्या याद्यांची अडचण याहून मोठी आहे. पडद्यावर अक्षरे देवनागरी दिसली तरी फायलीत रोमन अक्षरांचे किंवा चिन्हांचे संकेत असतात. परिणामी अशी यादी मराठी वर्णक्रमाने लागत नाही. एकच नाव जुन्या फाँटमध्ये व युनिकोडमध्ये लिहिले असेल तर यादीत जुळणारी नोंद शोधणाऱ्या व्हीलुकअप या सूत्राला ती दोन वेगळी नावे वाटतात. मतदार, खातेदार वा विद्यार्थी यांच्या जुन्या याद्या एकत्र करण्यापूर्वी त्या युनिकोडमध्ये आणाव्यात आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार असलेली नावे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावीत.