टूलबार की कीबोर्ड शॉर्टकट? कोणतं काम कशाने करावं?

वर्डमध्ये एखादा शब्द ठळक करायचा असेल, तर तुम्ही वरच्या पट्टीतल्या 'बी'वर क्लिक करता, की कंट्रोल+बी दाबता? काम दोन्हीकडून होतं. पण ज्यांचा दिवस कॉम्प्युटरवर जातो, त्यांच्या वेळेचा आणि मनगटाचा हिशेब इथेच बदलतो.

टूलबारचा फायदा काय?

काही पाठ करावं लागत नाही. आठवण्यापेक्षा समोर दिसलेलं ओळखणं सोपं असतं. नवं सॉफ्टवेअर शिकताना किंवा क्वचित लागणारी गोष्ट शोधताना टूलबारच कामी येतो. सुविधा लोकांना सहज सापडाव्यात म्हणूनच मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मध्ये 'रिबन' ही रुंद पट्टी आणली.

शॉर्टकटचा फायदा काय?

टाइप करताना माउस हातात घ्यायचा, बटण शोधायचं, क्लिक करायचं आणि पुन्हा कीबोर्डवर यायचं, ही ये-जा वाचते. कट, कॉपी, पेस्टची पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि सहकाऱ्यांनी घडवली. पुढे ॲपलने त्यासाठी एक्स, सी, व्ही आणि 'अनडू'साठी झेड ही अक्षरं घेतली. चारही कीबोर्डच्या खालच्या ओळीत शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे उजवा हात माउसवर असला, तरी डाव्या हाताने काम होतं.

मग सगळे शॉर्टकट का वापरत नाहीत?

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्डच्या २५१ अनुभवी वापरकर्त्यांना प्रश्न विचारले गेले. नेहमीच्या कामांसाठीही बहुतेक जण टूलबारच वापरत होते. म्हणजे नुसत्या अनुभवाने सवय बदलत नाही.

दुसरी बाजूही आहे. शॉर्टकट वेगवान वाटतो, पण घड्याळ लावलं तर माउस जिंकतो, असं ॲपलचे डिझायनर ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं. शॉर्टकट आठवण्यात गेलेला वेळ आपल्या लक्षात येत नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर वाद आहेत, पण एक धडा घेता येतो: बोटांत न बसलेला शॉर्टकट वेळ वाचवत नाही.

काहींना पर्यायच नसतो

दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरच्या मदतीने कॉम्प्युटर वापरतात, तेव्हा माउसचा बाण त्यांच्या उपयोगाचा नसतो. हाताला कंप असणाऱ्यांनाही छोट्या बटणावर नेम धरणं अवघड जातं. म्हणूनच वेबसाइटवरचं प्रत्येक काम कीबोर्डने करता यावं, असं आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष सांगतात. एखादा सरकारी फॉर्म फक्त माउसनेच भरता येत असेल, तर ती कुणाची तरी अडवणूक असते.

तुम्ही काय निवडाल?

- दिवसात अनेकदा लागणारं काम: शॉर्टकट. उदाहरणार्थ, सेव्हसाठी कंट्रोल+एस, चुकून बंद झालेला टॅब उघडायला कंट्रोल+शिफ्ट+टी, मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलायला विंडोज+स्पेस.
- महिन्यातून एकदा लागणारं काम: टूलबार.
- फोटो एडिटिंगसारखं माउसचं काम: दोन्ही मिळून.
- शॉर्टकट माहीत नसेल तर: बटणावर बाण थांबवा, अनेकदा तिथेच तो लिहिलेला दिसतो. वर्डमध्ये ऑल्ट दाबलं की बटणांवर अक्षरं उमटतात.

सगळे शॉर्टकट एकदम पाठ करू नका. आज सर्वात जास्त वेळा क्लिक केलेलं एक बटण निवडा आणि आठवडाभर त्याचा फक्त शॉर्टकट वापरा. तो बोटांत बसला की मग पुढचा.