भोकाचा पैसा

परवा घोडेगावच्या गटाच्या बैठकीत एका आजींनी चंचीतून १९४३ चा भोकाचा पैसा काढला. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली, म्हणून सरकारनं मधोमध भोक पाडलं. वजन आधीच्या पैशाच्या निम्म्याहून कमी. वर मुकुट आहे, पण राजाचा चेहरा नाही. भोकानं त्याची जागाच खाल्ली! असे ६४ पैसे म्हणजे रुपया. बायका ते दोऱ्यात ओवून ठेवत. १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया झाला.

आजींच्या सुनेला फोन आला होता, "लाख रुपये देतो, आधी दोन हजार फी भरा." अहो, असे पैसे कोट्यवधी पाडले होते, लाख कोण देणार? अशी फी मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेनंही सावध केलंय. सूनबाई भरायला निघाल्याच होत्या, तेही हप्त्याचे पैसे.