कोऱ्या चिठ्ठीची गोष्ट

मंडळी, मुलाला वाण्याकडे पाठवताना आपण त्याच्या हाती चिठ्ठी देतो. रोजचाच मुलगा, ओळखीचा वाणी. चिठ्ठी कोरी असेल अशी शंका कुणाच्या मनाला शिवत नाही. संगणकाच्या जगात अशाच एका कोऱ्या चिठ्ठीसाठी बारा वर्षांहून अधिक काळ दार उघडे राहिले. त्याची ही हकीकत.

संगणकाकडून काम करून घेण्याची जुनी रीत म्हणजे आज्ञा टंकणे. आधी प्रोग्रॅमचे नाव लिहायचे, मग पुढे एकेक शब्दाने तपशील द्यायचा: कोणती फाइल उघडायची, किती ओळी दाखवायच्या. या शब्दांना आर्ग्युमेंट म्हणतात.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'सी' ही भाषा घडवली. या भाषेतल्या प्रोग्रॅमच्या हाती सुरुवातीलाच दोन गोष्टी पडतात. एक शब्दांची यादी, तिला रिवाजाने 'आर्गव्ही' म्हणतात. दुसरी शब्दांची संख्या, ती 'आर्गसी'. यादीत शून्य क्रमांकावर प्रोग्रॅमचे स्वतःचे नाव असते आणि खरा तपशील एक क्रमांकापासून सुरू होतो. यादीच्या शेवटी समाप्तीची खूण असते खरी, पण ती पाहायची की नाही हे वाचणाऱ्याच्या हाती. तो पुढे वाचत सुटला, तर सी भाषा त्याचा हात धरत नाही.

सीचे प्रमाण नियम अमेरिकेत १९८९ साली आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९० साली ठरले. त्यांत म्हटले आहे की ही संख्या ऋण नसावी. म्हणजे शून्य चालते, बरं का! पण व्यवहारात निदान प्रोग्रॅमचे नाव तरी असायचेच. म्हणून 'किमान एक' ही वहिवाट पडली. नियम एक, वहिवाट दुसरी.

आता २००९ सालाकडे या. लिनक्सवरील पोलकिट या संचात 'पीकेएक्झेक' नावाचा प्रोग्रॅम आला. साध्या वापरकर्त्याला परवानगी असेल, तर मुख्य अधिकाऱ्याच्या हक्काने काम करू देणे हे त्याचे काम. म्हणजे तो तिजोरीचा पहारेकरीच. त्याने वाचन एक क्रमांकापासून सुरू केले, पण यादीत काही आहे का हे आधी पाहिले नाही.

कुणी मुद्दाम कोरी यादी दिली तर काय व्हावे? यादीला लागूनच स्मृतीत दुसरी यादी असते, ती भोवतालच्या परिस्थितीच्या नोंदींची. पहारेकऱ्याने त्या यादीची पहिली नोंद आज्ञा समजून वाचली आणि वर तिथेच आपले उत्तर लिहिले. त्यामुळे धोक्याची म्हणून आधी काढून टाकलेली नोंद पुन्हा आत शिरू शकली. त्या वाटेने साधा वापरकर्ता मुख्य अधिकारी होऊन बसे. क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी २५ जानेवारी २०२२ रोजी हा दोष जाहीर केला. त्याच वर्षी लिनक्सच्या ५.१८ या आवृत्तीत कोऱ्या यादीत एक रिकामा शब्द घालण्याची तजवीज झाली. पण प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रणेवर नेला, तर तिथे ही तजवीज असेलच असे नाही. जो प्रोग्रॅम अनेक यंत्रांवर चालावा असे वाटते, त्याने वहिवाटीवर नव्हे, नियमावर उभे राहावे.

यातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, आधी संख्या तपासावी, मग शब्दाला हात लावावा. दुसरी, शब्द किती लांब येईल ते सांगता येत नाही. म्हणून लांबी मोजून तेवढी जागा करावी, मगच नक्कल उतरवावी. तिसरी, अंक हवा असेल तर 'एटॉय' या जुन्या साधनावर विसंबू नये. 'शून्य' आणि 'अबक' या दोहोंना ते सारखेच ० म्हणते! 'स्ट्रटॉल' वाचन कुठे थांबले ते दाखवते आणि आकडा मापाबाहेर गेला तर तसे कळवते.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना संगणक शिकवताना प्रोग्रॅम चालला म्हणजे झाले, असे मानू नका. एकदा त्याला काहीच न देता चालवायला सांगा, एकदा भलताच लांब शब्द द्यायला सांगा. चालणारा प्रोग्रॅम आणि भरवशाचा प्रोग्रॅम यांतले अंतर मुलांना तिथेच दिसेल.