शिरूर ते दौंड: हवाई अंतर किती, विमानाला वेळ किती लागेल?

शिरूर आणि दौंड यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते साधारण साडेतीन मिनिटांत पार होईल. अंतर सांगणाऱ्या वेबसाइटवरचा ‘विमानाचा वेळ’ असाच काढलेला असतो. दोन गावांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, त्यावरून अंतर काढायचं आणि त्याला ठरावीक वेगाने भागायचं. तिथे विमानतळ आहे का, हे त्या हिशोबात येतच नाही.

प्रत्यक्षात शिरूरला विमानतळ नाही आणि दौंडलाही नाही. दोन्हीकडच्या लोकांना विमानासाठी पुण्याचा लोहगाव विमानतळच जवळचा. शिवाय एवढ्या कमी अंतरात प्रवासी विमान ८०० चा वेग गाठायच्या आतच उतरायची वेळ येईल.

रस्त्याचा हिशोब वेगळा आहे. शिरूर घोड नदीकाठी, तर दौंड भीमेच्या दक्षिण काठावर. जाताना भीमा ओलांडावीच लागते आणि पूल असेल तिथूनच वाट काढावी लागते. त्यामुळे रस्ता ४५ किलोमीटरपेक्षा बराच लांबतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकलात, तर आणखी उशीर.

शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे सोलापूर किंवा मनमाडकडची गाडी दौंड जंक्शनवरून पकडायची असेल, तर हवाई अंतर पाहून निघू नका. नकाशावर रस्त्याचा वेळ पाहा आणि हाताशी किमान दोन तास ठेवा.