पावसाळ्याची सांठवण



अंकगणिताच्या तासाला एका मुलानें मला एकदां विचारलें होतें, "गुरुजी, आमच्या घरीं भात कणगींत भरून ठेवतात, तशी वीज कां भरून ठेवीत नाहींत?" मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, बॅटरीचें उदाहरण देऊन मीं त्याला खालीं बसविलें. उत्तर चूक नव्हतें, पण अपुरें होतें. पुरें उत्तर शंभर वर्षांपूर्वींच आमच्या सह्याद्रीच्या माथ्यावर देऊन झालें होतें. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

विजेचा स्वभाव असा कीं, ती ज्या क्षणीं निर्माण व्हावी त्याच क्षणीं खर्ची पडली पाहिजे. कोळशाच्या कारखान्यास याची फारशी अडचण वाटत नाहीं. कोळशाचा ढीग हीच त्याची सांठवण, लागेल तसा जाळावा. परंतु ऊन, वारा आणि पाऊस हे आपल्या सवडीनें येणारे पाहुणे आहेत. घाटावरचा पाऊस बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळून जातो. मुंबईच्या गिरण्यांना मात्र बाराहि महिने चालावयाचें असे. तेव्हां त्या पावसावर गिरण्या चालविणें म्हणजे चार महिन्यांच्या मिळकतीवर वर्षाचा संसार करणें होय.

घाटावरील पाण्यापासून मुंबईस वीज द्यावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग या मुंबईच्या वास्तुविशारदानें मांडली व जमशेटजी टाटांनीं ती मनावर घेतली. १९०४ सालीं जमशेटजी वारले. काम पुढें त्यांच्या मुलांनीं तडीस नेलें. १९१० सालीं कंपनी निघाली, १९११ सालीं लोणावळ्यास कोनशिला बसली आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज सुमारें सत्तर किलोमीटर तारांवरून परळास पोंचली. लोणावळा, वळवण आणि शिरोता हीं तिच्यामागचीं तीन तळीं. या बाजूचें पाणी स्वभावतः पूर्वेकडे, भीमा-कृष्णेच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास जाणारें. त्यास धरणांनीं अडवून पश्चिमेकडे वळविलें आणि नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं खोपोलीस सोडलें. तेथें पाण्याची धार चक्राच्या वाट्यांवर आदळून चक्र फिरतें.

आतां थोडें गणित. सवय जात नाहीं, क्षमा असावी. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी, पांचशें मीटर खालीं उतरलें तर हिशेबानें सुमारें १.३६ युनिट वीज मिळावी. यंत्रांतील घट वजा जातां एक युनिटाहून थोडी अधिक हातीं येते. म्हणजे घरची हजार लिटरांची टाकी घाटमाथ्यावर नेऊन ठेविली, तरी तिच्यांत जेमतेम एका युनिटाची वीज मावते! म्हणूनच शहराच्या आठ महिन्यांच्या भुकेसाठीं तळें नव्हे, खोरेंच्या खोरें लागतें.

तें किती मोठें असावें, यांतच योजकाची खरी परीक्षा. सरासरी पावसावर हिशेब बसविला तर अवर्षणाच्या सालीं चैत्र-वैशाखांतच यंत्रें थांबावयाचीं. फार मोठें बांधलें तर कित्येक वर्षें तें भरावयाचेंच नाहीं, आणि पैसा व जमीन फुकट अडकून पडावयाची. सरासरीवर कोणाचेंहि घर चालत नाहीं, हें गृहिणींना सांगावयास नकोच.

पैशाचा हिशेब वहींत उतरतो. जमिनीचा सहसा उतरत नाहीं. आंध्रा नदीवर ठोकरवाडीचें धरण होऊन १९२२ सालीं भिवपुरीची वीज सुरू झाली. त्याहून मोठी योजना मुळशीची, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावरची. तिचें तळें सुमारें पन्नास कोटि घनमीटर पाण्याचें, आणि त्याखालीं जावयाचीं गांवें पन्नासाच्या आसपास. जमीन भाताची, आंबेमोहोराची. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं तेथें सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्यांत पुढें होते, विनायकराव भुस्कुटे होते. लोकांनीं मार खाल्ला, तुरुंग भोगला. परंतु दप्तरांत मालक म्हणून ज्यांचीं नांवें होतीं त्यांत पुण्याचे सावकारहि होते, आणि कसणारा कूळ निराळा. मोबदला एकाच्या हातांत व नांगर दुसऱ्याच्या, अशा स्थितींत लढा एकजुटीनें टिकणें कठीण झालें. तीनेक वर्षांनीं तो ओसरला. धरण पुरें झालें आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें. मुंबईच्या दिव्यांचें कौतुक मीं मुलांना अनेकदां शिकविलें. मुळशीचें नांव मात्र माझ्या तोंडून त्या धड्यांत कधीं निघालें नाहीं. तें पाठ्यपुस्तकांत नव्हतें, एवढेंच मला सांगतां येतें.

येथवर सांठवण झाली ती ऋतूची. दिवसाची सांठवण निराळी, आणि तिला फार थोडी जागा पुरते. वर एक तळें, खालीं एक तळें; वीज उरली कीं खालचें पाणी पंपानें वर चढवावें, टंचाई आली कीं तेंच पाणी पुन्हां खालीं सोडावें. चढविण्यास चार युनिट खर्चले तर उतरतांना तीनांच्या आसपास परत येतात. एवढी आडत सोसूनहि हा व्यवहार परवडतो. स्वित्झर्लंडांत शाफहाउझेन येथें १९०९ सालींच असें तळें झालें होतें. आपल्याकडे भिऱ्याच्या जुन्या वीजघराशेजारीं १५० मेगावॅटचें असें यंत्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बसलें. पुढें २००८ सालीं घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प झाला. तेथें वरचें धरण प्रवरा नदीवर आहे, खालचें कोंकणाच्या बाजूस शाही नाल्यावर. दोहोंमध्यें चारशें मीटरांहून अधिक उतार. घाटघरचीं यंत्रें सहा तास पूर्ण जोरानें चालविलीं तर पंधरा लक्ष युनिट वीज होते, आणि त्यास पाणी लागतें सुमारें पंधरा लक्ष घनमीटर. मुळशीच्या तळ्याचा हा तीनशेंवा भागहि नव्हे. तेंच पाणी रोज वर-खालीं जात असल्यामुळें खोरें बुडवावें लागत नाहीं. अर्थात् एवढ्या पाण्यावर संध्याकाळ निभते, उन्हाळा निभत नाहीं.

पूर्वीं अशीं तळीं रात्रीं भरीत, कारण कोळशाचीं यंत्रें रात्रीं रिकामीं फिरत. आतां सूर्याची वीज दुपारीं उतूं जाते आणि दिवे लागणीला नेमकी आटते. म्हणून तळें दुपारीं भरणें सोयीचें झालें आहे. २०२३ सालीं टाटांच्याच वीज कंपनीनें महाराष्ट्र शासनाशीं अशा दोन प्रकल्पांचा करार केला, एक शिरोत्यास १,८०० मेगावॅटचा व दुसरा भिवपुरीस १,००० मेगावॅटचा. नांवें ओळखीचीं वाटलीं असतील. शंभर वर्षांपूर्वीं जेथें पावसाळा कोंडला, तेथेंच आतां दुपारचें ऊन कोंडावयाचें आहे. इतर ठिकाणींहि सह्याद्रीच्या कडेनें अशा योजनांची आंखणी चालू आहे. त्यांच्या नकाशांत वरचें तळें निळ्या रंगानें दाखवितात. त्या निळ्या रंगाखालीं आज कोणाचें भातखाचर आहे आणि सात-बारावर नांव कोणाचें आहे, हें मी आतां पहिल्यानें शोधतों.