मोटरीने उचललेला फोन

घरी बसून फोन लावायचा, विहिरीवरच्या स्टार्टरला जोडलेल्या डब्याने तो उचलायचा आणि मोटर सुरू व्हायची, ही सोय मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात आता नवलाईची राहिलेली नाही. तिची गणना आधुनिक शेतीत होते आणि मूळ संगणकात शोधले जाते. मला हे पटत नाही. या डब्याचे कूळ टेलिफोनच्या आन्सरिंग मशीनचे आहे. घरी कोणी नसताना फोन उचलणारे यंत्र आधी जन्मले; वावरात कोणी नसताना फोन उचलणारे यंत्र हा त्याचाच वंशज. हे नाते ओळखले की या वस्तूचे गुण समजतात, आणि तिची उणीवही.

या घराण्याचा मूळपुरुष डेन्मार्कचा वाल्डेमार पोल्सेन. 1898 साली त्याने पोलादी तारेवर चुंबकाने आवाज साठवणारा टेलिग्राफोन बनवला, तो फोनवरचा निरोप टिपून ठेवता यावा म्हणूनच. पण बाजारात पाय रोवणारे यंत्र घडायला अर्धशतक जावे लागले, आणि ते घडवले एका लहान कारखान्याने. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला अभियंता जोसेफ झिमरमन याचा स्वतःचा छोटा धंदा होता आणि फोन घ्यायला माणूस ठेवणे त्याला परवडत नव्हते. 1949 च्या सुमारास त्याने ‘इलेक्ट्रॉनिक सेक्रेटरी’ तयार केली. घंटी वाजली की एक यांत्रिक दांडा रिसीव्हर उचलून धरी, तबकडीवरचा ठरलेला मजकूर वाजे आणि बोलणाऱ्याचा निरोप तारेवर उतरे. दांड्याचा हा खटाटोप कशासाठी? बेल टेलिफोन कंपनीच्या तारांना बाहेरचे यंत्र जोडायला तेव्हा मज्जाव होता. ती बंदी 1968 च्या कार्टरफोन खटल्याच्या निकालाने मोडली. लाईन दुसऱ्याची, तिला हात लावता येत नाही, मग तिच्या टोकाशी बसून काम करून घ्यायचे, ही या लहान कारखानदाराची युक्ती होती.

तीच युक्ती पुण्यात पुन्हा दिसते. अभियंता संतोष ओस्तवाल यांनी पंपासाठी रात्री-अपरात्री होणारी आजोबांची पायपीट पाहिली होती. त्यांच्या ओशियन अ‍ॅग्रो ऑटोमेशन या छोट्या कंपनीच्या ‘नॅनो गणेश’ या डब्याला 2009 साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. मोबाईल कंपनीच्या जाळ्यात त्यांनी काही बदलले नाही. स्टार्टरपाशी एक मोबाईल ठेवला आणि त्याला उत्तर द्यायला शिकवले. आपण फोन लावला की तिकडचा उचलला जातो आणि विजेची लाईन आहे की नाही हे सुरावरून कळते. मग ठरलेला आकडा दाबायचा. प्रत्येक आकड्याचा आवाज दोन सुरांचा असतो. 1 दाबला की 697 आणि 1209 हर्ट्झचे सूर एकदमच जातात. 1963 पासून चालत आलेली ही जोडसुरांची पद्धत मुद्दाम अशी केली, की बोलण्यातून किंवा आसपासच्या गलक्यातून ती जोडी सहसा चुकून जुळू नये. घरच्या आन्सरिंग मशीनमधले निरोप बाहेरगावाहून ऐकायला लोक याच सुरांचे सांकेतिक आकडे वापरत. म्हणजे घंटी ओळखणे, फोन उचलणे, उत्तर देणे आणि सुराचा हुकूम पाळणे, हे सगळे वडिलोपार्जितच.

यावर कोणी म्हणेल की निरोप साठवणे हाच आन्सरिंग मशीनचा प्राण, आणि मोटरीवरचा डबा तर काहीच साठवत नाही. पण साठवण हे साधन होते. मूळ काम गैरहजर माणसाच्या जागी उत्तर देण्याचे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लांबून यंत्र चालवायची विद्या रेडिओची, फोनची नव्हे. खरे आहे, पण रेडिओचा साधा रिमोट एकतर्फी हुकूम देतो आणि त्याची हद्द ठरलेली असते. बागाइतदाराला हुकुमाआधी उत्तर हवे असते. कृषी पंपांना दिवसा 8 किंवा रात्री 10 तास अशी पाळीची वीज. त्यात डीपी (रोहित्र) उडालेली, नाहीतर एक फेज गेलेला. लाईन आहे का, हे कळल्याशिवाय बटणाला अर्थ नाही.

मग स्टार्टरला ‘ऑटो’ लावला की झाले, असे गावातच ऐकायला मिळते. ऑटो फोनची वाट पाहत नाही. लाईन आली की मोटर सुरू. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या की डीपीवर केवढा भार येतो, हे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे. शिवाय संत्र्याच्या बागेत पाणी कधी द्यायचे नाही, हेही तेवढेच मोलाचे. आंबिया बहारासाठी झाडाला ताण देतात, तो बेताच्या ओलिताने तोडतात. हा निर्णय माणसाचाच असतो. फोन तो त्याच्या हाती ठेवतो, ऑटो काढून घेतो.

अशा डब्याला जोर आला तो कशाने, याचे माझे अनुमान तंत्रापेक्षा दराकडे बोट दाखवते. भारतात 1995 साली मोबाईल आला तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. 1 मे 2003 पासून फोन लावणाऱ्यानेच पैसे भरायचे ठरले. जो फोन फक्त उचलायचा, त्याचा बोलण्याचा खर्च त्या दिवशी शून्य झाला. विहिरीपर्यंत टेलिफोनची तार कधीच गेली नव्हती. मोबाईलने ती अडचण दूर केली, आणि या नियमाने विहिरीवर एक बिनबोलता फोन ठेवणे परवडू लागले.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. मोर्शी आणि वरुड हे भूजलाच्या अतिउपशाचे तालुके. सिंभोऱ्याला वर्धा नदीवर मोठे धरण असले तरी बागा मुख्यतः विहिरी आणि खोल बोअरवरच उभ्या आहेत. पाणी खेचणे एका फोनवर आले, तर उपसा वाढणार नाही का? रात्रभर चालू राहिलेली मोटर अंथरुणातून बंद करता येते, हे उत्तर अर्धेच आहे. जे यंत्र लाईन आहे का हे सांगते, त्याने विहिरीत पाणी किती उरले आणि या आठवड्यात मोटर किती तास चालली हेही सांगायला हवे. पाण्याविना फिरणारी मोटर बंद करणारे आणि केबल कापली की मालकाला फोन करणारे डबे बनू लागले आहेत. त्यात तासांची नोंद ठेवणे अवघड नाही. शेवटी हे निरोप साठवणाऱ्या यंत्राचेच घराणे आहे. सौर पंपांमुळे दिवसाची वीज मिळू लागली तर रात्रीच्या फोनची गरज कमी होईल, या नोंदीची वाढेल. कारण सौर पंपाला वीजबिलाचाही धाक नसतो.