रिकाम्या केलेल्या रानात

कोकणात गरम पाण्याचा झरा म्हटला की डोळ्यांपुढे कुंड येते आणि त्यात पाय सोडून बसलेली, सांधे शेकणारी म्हातारी माणसे येतात. उन्हवरे काय, तुरळ काय, झरा आहे तिथे माणूस आहेच. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मुलगा, सून आणि नातीबरोबर यलोस्टोनमधून गाडीने फिरताना मला एक गोष्ट खटकत राहिली. इथे पाहणारे लाखो, राहणारे कोणी नाही. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालायचे, वाफ पाहायची, पाण्याला हात लावायचा नाही. नियम योग्यच आहे; ते पाणी माणसाला भाजून काढते. पण ही जागा कायम अशीच होती का?

१८७२ च्या १ मार्चला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने हे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याआधी निदान अकरा हजार वर्षे माणसे इथे वावरत होती. ऑब्सिडियन क्लिफ या कड्यातली ज्वालामुखीची काळी काच तासून ती बाणाची टोके करत. ती काच दूर ओहायोतल्या प्राचीन टेकाडांतही सापडली आहे. रानमेंढ्यांची शिकार करणारे तुकुडिका शोशोनी तर याच डोंगरांत राहत.

उद्यान झाल्यावर पाचच वर्षांनी, १८७७ मध्ये, अमेरिकी सैन्यापुढे पळणारे नेझ पर्स लोक बायकामुलांसह इथून गेले. काही पर्यटक त्यांच्या हाती सापडले. कॅनडाची हद्द जेमतेम चाळीस मैलांवर असताना त्यांना गाठण्यात आले. पर्यटक बिचकू नयेत म्हणून उद्यानाचे अधीक्षक फिलेटस नॉरिस सांगू लागले की आदिवासी गरम फवाऱ्यांना भितात, इकडे फिरकत नाहीत. याच काळात तुकुडिकांना इथून हलवून राखीव वस्त्यांत धाडले गेले. भीतीची ती कथा मात्र पुढे कित्येक दशके खरी मानली गेली.

जनावरांचा इतिहासही याला जोडूनच आहे. १९०२ च्या सुमारास इथे रानटी बायसन जेमतेम दोन डझन उरले होते. लांडगे तर सरकारी धोरणानेच मारले गेले. १९२६ पर्यंत त्यांचे कळप संपले. १९९५ आणि ९६ मध्ये कॅनडातून एकतीस लांडगे आणून सोडले. लामार खोऱ्यात बायसनच्या कळपाने आमची गाडी अर्धा तास अडवली, तेव्हा नात खुशीत होती. मग तिने विचारले, "आजोबा, लांडगे परत आणले, मग माणसं का नाही आणली?"

मी तिला ताडोबाचे सांगितले. गोंडांच्या तारू देवावरून त्या जंगलाला नाव मिळाले आणि त्याच्याच गाभ्यातून गावे उठवली गेली. वाघाला जागा हवी, हे मलाही पटते. पण उठलेल्या गावाची नोंद जंगलाच्या इतिहासात असायला हवी.

२०२२ मध्ये यलोस्टोनमधल्या माउंट डोनचे नाव बदलून फर्स्ट पीपल्स माउंटन झाले. गुस्ताव्हस डोन हा १८७० च्या पिगन लोकांच्या हत्याकांडात सामील असलेला अधिकारी. नकाशावरचे एक नाव बदलायला दीडशे वर्षे लागली.